सतरावा प्रश्न

चारशे बारा मुलं, चाळीस प्रश्न,
आणि मांडून ठेवलेली तीन मॉडेलं.
पिंपरखुटीच्या उपकेंद्रात लशीच्या रिकाम्या खोक्यावर
लॅपटॉप ठेवून बसले आहे.
थ्री फेज रात्री साडेअकराला येते,
तेव्हा वावरातल्या मोटारी सुरू होतात
आणि माझी गणितं.

पहिलं मॉडेल गरीब स्वभावाचं.
मुलाला एक आकडा, प्रश्नाला एक आकडा,
वजाबाकी करा, उत्तर बरोबर येण्याची शक्यता निघते.
दुसरं चिकित्सक.
म्हणतं, काही प्रश्न पोरांना पाखडतात,
काही नुसतंच सूप हलवतात.
तिसरं ओळखीचं वाटलं.
त्यात अंदाजपंचे दाहोदरसेलाही
एक अक्षर राखून ठेवलंय.

चाचणी नोव्हेंबरात घेतली, ही चूक माझी.
सदतीस जण आलेच नाहीत.
तिन्ही मॉडेलं धरून चालतात
की ही गैरहजेरी योगायोगाची.
योगायोग शाळेमागच्या पऱ्हाटीत
कमरेला ओटी बांधून उभा होता,
मला पाहून त्यानं हातही हलवला.

प्रश्न सतरा. गटात न बसणारा शब्द ओळखा:
कापूस, लोकर, रेशीम, नायलॉन.
उत्तरसूचीत: नायलॉन.

एकोणचाळीस रेषा चढत जातात,
जितकं पोर हुशार तितकी वर.
सतराची उतरते.
जी पोरं सगळीकडे बरोबर
ती नेमकी इथे चुकतात,
आणि मागच्या बाकावरची,
पेन्सिल फिरवून टिकेल तिथे टिकवणारी,
बिनधास्त बरोबर.

नागपूरहून सर म्हणाले,
भेदकता ऋण आहे, प्रश्न बाद करा.
केला.
जुळणी शून्य पूर्णांक एकोणनव्वदवरून
पंच्याण्णववर गेली.
सरांनी अंगठा पाठवला.

तरी रविवारी उत्तरपत्रिका घेऊन गेले.
प्रणोती किनाके, सहावी, चाळीसपैकी छत्तीस.
हापशीवर गुंड भरत होती.
सतराला कापूस काहून लिहिलं?
तिनं दांडा सोडला नाही.
“बाकी सारं इकत आना लागते.
कापूस तेवढा इका लागते.”

मी नायलॉनचं सांगायला लागले,
कारखाना, रसायन, निसर्गातून न मिळणारं.
ती ऐकत होती. गुंड भरून सांडायला लागला.
मग म्हणाली,
“तुमाले उत्तर मालूमच होतं
त मले कायले इचारलं?”

एसटीत मांडीवर पुन्हा मांडलं.
सतरा, तेवीस आणि एकतीस
एकमेकांना धरून चालतात.
एकतीस होता तराजूचा:
दोन्ही पारड्यांत सारखं वजन, काटा कुठे झुकेल?
बावन्न पोरांनी समासात लिहिलंय, व्यापाऱ्याकडे.
म्हणजे ही दुसरी मिती आहे.
काहीतरी मोजतेय, नीट, सातत्यानं,
फक्त आम्ही ते मोजायला गेलो नव्हतो.
सॉफ्टवेअर तिला एफ-टू म्हणतं.

तीन प्रश्नांवर मिती? सर हसले.
खुर्चीलाही चार पाय लागतात.
तिवई तीनवर उभी राहते,
हे मी बोलले नाही.
त्यांना अहवाल शुक्रवारपर्यंत हवा आहे
आणि माझी नेमणूक मार्चपर्यंतच आहे.

दोन तक्ते पाठवते आहे. एकात सतरा आहे, एकात नाही.
ज्यात आहे त्याची जुळणी वाईट,
आणि मला तोच जास्त खरा वाटतो,
पण वाटण्याचा रकाना नाही तक्त्यात.
शेरा म्हणून एक आहे, अगदी अरुंद.
तिथे टाइप केलं, इका लागते.
प्रोग्रामला आपली अक्षरं वाचता येत नाहीत.
पडद्यावर नुसते रिकामे चौकोन उमटले.

मोजले. आठ.